काळकडाची पाठ

कामशेत,
मंगळवार, दुपार

प्रिय अपेक्षा,

तुझा फोन कालपासून बंद आहे आणि तो बंद ठेवायचा तुला पूर्ण अधिकार आहे. पण फोन बंद केला म्हणजे वस्ताद गप्प बसेल असं तुला वाटलं असेल, तर इतकी वर्षं माझ्या तालमीत तू काय शिकलीस, हा प्रश्नच आहे. मी शाळेत व्यायाम शिकवला असला तरी माझं अक्षर मराठीच्या मास्तरांपेक्षा बरं होतं, हे मुख्याध्यापकसुद्धा मान्य करायचे. म्हणून हे पत्र. तुझी शालनकाकू उद्या ते घेऊन नवलाख उंबऱ्याला तुझ्या घरी येते आहे. सोबत तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आहे. आधी जेव, मग वाच. उपाशी पोटी वाचलंस तर मी रागावलोय असं वाटेल, आणि मी मुळीच रागावलेलो नाही.

खरं सांगायचं तर सोमवारी सेटवर जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं. खंडाळ्याच्या त्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये माधवीने तिच्या सिनेमासाठी केवढी मोठी गुहा उभी केली होती. थर्माकोलचे कडे, वरून धूर, आणि मधोमध आपल्याच तालमीतून टेम्पोने नेलेली लाल माती, खाली जाड गादी घालून. एकीकडे तू, घाटवाघीण, त्या पिवळ्या-काळ्या पोशाखात. समोर मी, काळकडा, अंगात ते रबरी चिलखत, ज्यात माणूस भोपळ्यासारखा शिजतो. तिसऱ्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग. पहिल्या दोन सिनेमांत ज्या दगडूआबाने घाटवाघिणीला सगळं शिकवलं, तोच आता काळकडा होऊन अख्खा घाट दगडांनी बुजवायला निघाला आहे, आणि तिने त्याला उचलून पाठीवर पाडायचं, छातीवर गुडघा ठेवायचा, घाट वाचवायचा. एवढंच काम. तू काय केलंस? ढाक डाव टाकलास, मला कमरेवर घेतलंस, मी हवेत गेलो, आणि माझी पाठ मातीला टेकायच्या वीतभर आधी तू हात ढिले सोडलेस. मी कुशीवर पडलो, उठलो, आणि सवयीने म्हणालो, “शाबास.” खलनायकाने नायिकेला शाबासकी दिलेली पाहून माधवीने कपाळाला हात लावला.

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटच्या वेळी तर तू हात सोडून थांबली नाहीस, माती कपाळाला लावलीस आणि सरळ काळकडाच्या पाया पडलीस. कॅमेऱ्यावरचा तो मुंबईचा माणूस म्हणाला, “मॅडम, याचा विनोदी सिनेमा करू या, जास्त चालेल.” सगळे हसले, मीही हसलो, आणि तू एकटी रडलीस. मग तशीच पोशाखावर स्कूटी काढलीस. वडगावच्या फाट्यावर घाटवाघीण रडत रडत गेली, ही बातमी तू घरी पोचायच्या आधी कामशेतच्या बाजारात पोचली होती.

आपली रीत मला माधवीला समजावून सांगावी लागली. आपल्या तालमीत सरावाला वस्तादाशी लढताना शिष्याने डाव पुरा बसवायचा, पण वस्तादाची पाठ मातीला टेकायच्या आत हात सोडायचे. माझ्या वस्तादांनी मला तेच शिकवलं, मी तुम्हाला. मोठमोठे गडी माझ्या तालमीतून गेले, पण माझी पाठ कुणी मातीला लावली नाही. माधवी म्हणाली, “सर, पण हा तर सिनेमा आहे ना?” मी म्हटलं, बाई, ते तिला माहीत आहे, तिच्या हातांना माहीत नाही. शेड तिच्याकडे शनिवारपर्यंत आहे. तू गुरुवारी आली नाहीस तर शुक्रवारी मुंबईहून तुझ्या अंगलटीची कुणी मुलगी येणार, तुझा पोशाख घालून ती मला पाडणार, आणि कॅमेरा तिच्या पाठीमागून लावणार.

जाताना तू माधवीला जे बोललीस ते मी ऐकलं. “आमच्या वस्तादाला राक्षस करताना तुला लाज न्हाई वाटली?” असं सगळ्यांच्या देखत. तिने ऐकून घेतलं. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नाही. शाळेत असताना कवायतीचा तास आला की हिच्या पोटात दुखायचं, आणि मी मैदानाला चकरा मारायला लावल्या की हीच मुलगी मला तोंडावर विचारायची, की सर, या चकरांचा पुढे काय उपयोग आहे. तिने पहिला सिनेमा काढला तेव्हा तिच्याकडे होतं काय, तर उसना कॅमेरा आणि तू. उंचावरून उडी मारायला, कड्यावर चढायला आणि धडाधड पडायला कुणी बदली माणूस लागू नये म्हणून तिला पैलवान मुलगी हवी होती. मुलीबरोबर वस्ताद फुकट मिळाला. दगडूआबाचं काम करायला मी काही वेगळं केलं नाही, तालमीत जसा ओरडतो तसा ओरडलो. लोकांना वाटलं केवढा मोठा नट. तेव्हापासून वडगावपासून लोणावळ्यापर्यंत लोक मला आबा म्हणतात, आणि चिक्कीच्या दुकानात मला कधी रांगेत उभं राहावं लागत नाही.

तेव्हा या आबाचा काळकडा झाला हे कळल्यावर गावात काय झालं असेल, तुला कल्पना आहेच. तू त्या दिवसांत सराव शिबिरात होतीस म्हणून तुझी गंमत हुकली. आपला हौशीराम, जो तालमीच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडतो आणि तालीम त्याच्या बापाची असल्यासारखा वागतो, तो माणसं भरून जीप घेऊन थेट खंडाळ्याला गेला. माधवीसमोर उभा राहून म्हणाला, “बाई, आमचा वस्ताद तुमाला काय गुंड दिसला व्हय? हितं शूटिंग व्हनार न्हाई. लय झालं.” माधवीने त्यांना आधी चहा दिला, मग वडापाव दिला, आणि मग विचारलं की काळकडाच्या टोळीत दगड ढकलायला धिप्पाड माणसं कमी पडताहेत, तुम्ही कराल का. आता हौशीराम टोळीत पुढे उभा असतो आणि मला विचारतो, “वस्ताद, माजा चेहरा नीट दिसतोय का?” तुझी काकू त्याच्यापेक्षा सरळ. तिला मी भीत भीत सांगितलं की अगं, मला व्हिलन केलंय. ती म्हणाली, “घरात रोजच हाय की. आता पडद्यावर दिसंल, येवढंच.”

मला स्वतःला काळकडा फार आवडला, हे तुला सांगून ठेवतो. चांगल्या माणसाचं काम करताना तोंड सारखं गंभीर ठेवावं लागतं. काळकडा मोकळा आहे. बाजारात परवा एक पोर मला बघून आईच्या पदराआड लपलं, मी त्याला भुवया उडवून दाखवल्या, ते खिदळलं आणि मग माझ्यामागे लागलं. आणि काळकडाचं म्हणणंही मला बरंचसं पटतं. लायन्स पॉइंटवर रविवार संध्याकाळी जाऊन बघ, बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या यांचा नुसता गालिचा. हे सगळं दरीत जातं. काळकडा म्हणतो, घाटच बंद करा, वर कुणी यायला नको. चूक इतकीच, की तो रस्ता बंद करताना रस्त्यावरची माणसंही बघत नाही. ज्याने सगळ्यांना सांभाळायला शिकवलं, त्याला एक दिवस वाटायला लागतं की आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. असा माणूस वाईट होण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तो आहे तिथेच उभा राहिला तरी पुरतं.

तू तालमीत पहिल्यांदा आलीस तो दिवस मला आठवतो. तुझे वडील, कैलास, कंपनीच्या गणवेशातच होते, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तू, हातात दप्तर. तालमीत मुलगी म्हटल्यावर दोन-चार जण कुरकुरले. कैलास म्हणाले, “वस्ताद, पोरगी घरात सगळ्यांना पाडती. हितं तरी तिला कोन तरी पाडनारं भेटंल.” मी तुला जोर काढायला लावले. तू एक जोर काढायचीस आणि मान वर करून माझ्याकडे बघायचीस, बरोबर आला का म्हणून. मी मान हलवली की पुढचा. त्या दिवशी मला ते इतकं गोड वाटलं, की घरी येऊन काकूला सांगितलं. काकूला मूल नाही, मलाही नाही, हे तुला माहीत आहे. त्यानंतर आमच्या घरात तुझ्या खुराकाचं दूध वेगळं तापायला लागलं, यातच काय ते समज. तुझ्यासारखी नजर, तुझ्यासारखी कंबर मी आयुष्यात दोन-तीनच गड्यांमध्ये पाहिली, आणि ते सगळे तुझ्यापेक्षा आळशी होते. हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण पैलवानाला तोंडावर सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो.

आता जरा दुसरं सांगतो, नीट वाच. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेची अंतिम कुस्ती तू हरलीस. सगळे म्हणाले, नशीब. तू म्हणालीस, पाय घसरला. मला नक्की काय झालं ते कळलं नव्हतं. तू गुणांनी पुढे होतीस, समोरच्या मुलीने तुझा पाय धरला. त्यातून सुटायचे रस्ते तुला झोपेतसुद्धा येतात. तू एकही घेतला नाहीस आणि तेवढ्यात तिने तुला उलटवलं. मला वाटलं, दम लागला असेल.

मग दुसऱ्या सिनेमाचं संकलन चाललं होतं तेव्हा माधवीने मला तळेगावला बोलावलं. संगणकावर तुझ्या मारामाऱ्या लावल्या आणि म्हणाली, “सर, एक गंमत बघा.” दरवेळी, डाव टाकायच्या क्षणभर आधी, घाटवाघीण डावीकडे बघते. चार गुंड चारी बाजूंनी येत असोत, समोरून दगड कोसळत असो, हिची नजर एकदा डावीकडे जाणारच. माधवीला ती नजर प्रत्येक ठिकाणी कापावी लागली होती. तिने हसत विचारलं, “तिकडे आहे तरी काय?” तिकडे मी असायचो. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन. घरी आलो आणि त्या अंतिम कुस्तीची चित्रफीत मोबाइलवर पुन्हा लावली. पाय धरला गेल्यावर तू मान वळवून माझ्या कोपऱ्याकडे पाहिलंस. मी मान हलवायची वाट बघत होतीस. तिथेच ती कुस्ती गेली.

हे मी तुला सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे. “व्हय वस्ताद,” म्हणाली असतीस, आणि बरोबर सांगितलं का ते बघायला माझ्याकडे बघितलं असतंस. तेव्हा मी बराच विचार केला. कोपऱ्यातल्या माणसाकडे बघायची सवय मोडायची, तर त्या माणसाने कोपऱ्यात राहून चालणार नाही. त्याने समोर यायला हवं. आणि नुसतं समोर येऊन उपयोग नाही, त्याने विरोधात यायला हवं. मी माधवीकडे गेलो आणि म्हटलं, तिसऱ्या सिनेमात दगडूआबाला खलनायक कर. ती तयार नव्हती. तिची गोष्ट निराळीच होती, त्यात आबा शेवटी घाटवाघिणीसाठी जीव देतो, लोक रडतात वगैरे. मी म्हटलं, जीव दिला तर ती जन्मभर वर आभाळाकडे बघत कुस्त्या खेळेल. मला खलनायकच कर, आणि शेवटी तिच्या हातून पाड. कारण सांगितल्यावर मात्र तिने एका बैठकीत गोष्ट बदलली आणि तुला काही सांगणार नाही असं वचन दिलं. म्हणून सोमवारी ती गप्प उभी होती. तू तिची माफी माग. मी कुणाची मागणार नाही, कारण मी जे केलं ते वस्ताद म्हणून केलं, आणि बरोबर केलं.

राहिली रीत. तुला वाटतं वस्तादाची पाठ मातीला लावणं म्हणजे पाप. माझ्या वस्तादांची पाठ मीही लावली नाही. ते गेले तेव्हा मी चांगला मिशा राखलेला गडी होतो, चार जिल्ह्यांत नाव होतं, आणि तरी पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक कुस्तीआधी मला वाटायचं, ते असते तर काय म्हणाले असते. न पडलेला वस्ताद शिष्याच्या मानेवर बसतो, पोरी. मानाने बसतो, प्रेमाने बसतो, पण बसतो. रीत माझ्या वस्तादांची, तालीम आता माझी, तेव्हा ती मोडायचा हक्कही माझा. हौशीरामला मी हे सांगितलं. तो आधी तणतणला, मग बराच वेळ तंबाखू मळत बसला आणि म्हणाला, “पाडायचंच असंल तर पोरीनंच पाडावं. भाईरचं कुनी नगं.” बघ, त्यालासुद्धा कळलं.

आणखी एक. मी माधवीला सांगून ठेवलं आहे की गुरुवारी ठरवून पडणार नाही. चिलखत काढून, कुस्तीची लांग घालून उभा राहीन, आणि माझ्यात जेवढी ताकद उरली आहे तेवढी सगळी लावीन. ती तुला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. गेल्या आठवड्यात तालमीत मारुतीच्या दोन्ही पोरांना मी एकामागोमाग पाडलं, हवं तर विचार. तेव्हा माझ्यावर दया करायला येणार असशील तर येऊच नकोस, मीच तुला पाडीन आणि घाट कायमचा बंद होईल. पाठीची काळजी करू नकोस. खाली गादी आहे, आणि ही पाठ इतकी वर्षं वापरलेलीच नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. सिनेमासाठी नाही. सिनेमा माधवी त्या मुंबईच्या मुलीला घेऊनही पुरा करेल आणि लोक शिट्ट्याही मारतील. संक्रांतीनंतर पुण्यात राज्याच्या संघाची निवड आहे, आणि त्या दिवशी तुझ्या कोपऱ्यात मी नसेन. शिबिराच्या प्रेरणा मॅडमना भेटून मी माझं नाव काढून घेतलं आहे, तिथे त्या उभ्या राहतील, आणि त्यांना मान हलवायची सवय नाही. हे तुला समोर बसवून सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. तुझ्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभं राहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे, अपेक्षा, आणि तू माझ्या घरात जन्मली नाहीस एवढंच, बाकी माझी लेकच आहेस. म्हणून लिहून पाठवतो आहे. गुरुवारी ये. मला पाड, छातीवर गुडघा ठेव, हात सोडू नकोस. मग निवडीला एकटी जा. निवडीच्या कुस्त्या हल्ली मोबाइलवर दाखवतात. मी इथे घरी बसून “पाय काढ, पाय काढ” म्हणून गल्ली डोक्यावर घेणार आहे, काकूचे कान किटणार आहेत, आणि तुला त्यातलं काही ऐकू येणार नाही.

गुरुवारपुरता तुझा वैरी, एरवी तुझाच,
वस्ताद हनुमंत वाळुंज